कोल्हापुरात वर्षभर राहायला यायचे आहे : कधी यावे आणि कुठे राहावे?

प्रश्न : लेस्टरची शुक्रवारपेठकर

माझे वडील शुक्रवार पेठेत वाढले, शिवाजी विद्यापीठातून पदवी घेऊन इंग्लंडला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. माझा जन्म लेस्टरचा. आमच्या शाळांना मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये मिळत असल्यामुळे मी कोल्हापूर पाहिले ते केवळ पावसाळ्यात, आणि तेही आजी होती तोवर. आता वडीलही राहिले नाहीत. माझ्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड आहे, कामाची सोय घरून करता येते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पूर्ण एक वर्ष तिथे राहावे अशी मनापासून इच्छा आहे.

आजोबांच्या घरात सध्या चुलतकाकांचे कुटुंब राहते. माडीवरच्या दोन खोल्या आमच्या, असे तोंडी ठरलेले आहे. मिळकत मात्र अजून आजोबांच्याच नावावर आहे. तिथे राहावे, की आर. के. नगर किंवा रुईकर कॉलनीकडे सदनिका भाड्याने घ्यावी? नातेवाईक म्हणतात, शहर इतके बदलले आहे की तुला ओळखू येणार नाही. नेमके काय बदलले आहे, हे तिथे राहणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर : बावडेकर

प्रथम महिना ठरवा, घर नंतर. जून ते सप्टेंबर या काळात शुक्रवार पेठेच्या सखल भागात लहान मुलासह राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आमच्या कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका समजला जातो, आणि पावसाळ्यात अर्धे शहर सकाळी उठून आधी हाच आकडा पाहते. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही महापुरांत नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. 2019 मध्ये तर उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असूनही नळ कोरडे पडले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाल्याने शहराचा पुण्याशी संपर्क तुटला. नोव्हेंबर 2023 पासून काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट पाइपलाइनने येऊ लागले आहे. अधूनमधून बिघाड होतात, तरीही शहराच्या दृष्टीने मोठा बदल मी यालाच म्हणेन.

बाकीचे बदल तुम्हाला येताक्षणीच दिसतील. उजळाईवाडीच्या विमानतळाला 2024 मध्ये नवी इमारत मिळाली, आणि त्याच वर्षी पुण्याहून वंदे भारत गाडीही सुरू झाली. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) येथे बसत असल्याने सहा जिल्ह्यांतील वकील आणि पक्षकार शहरात येतात. त्यामुळे ताराबाई पार्क आणि नागाळा पार्क परिसरात भाड्याचे घर पूर्वीच्या सहजतेने मिळेल असे गृहीत धरू नका. आर. के. नगर उंचावर आहे, हवा चांगली आहे. माझी पसंती त्यालाच.

उत्तर : निवृत्त वकील, राजारामपुरी

घर कोणते, यापेक्षा काकांना काय वाटेल हा प्रश्न मोठा आहे. परदेशातली पुतणी वर्षभर राहायला येते म्हटल्यावर, ती वाटणी मागायला येत आहे, ही शंका अत्यंत प्रेमळ घरातही डोकावते, आणि ती बोलून न दाखवल्यामुळेच वाढत जाते. मी अशी कितीतरी भांडणे पाहिली आहेत, ज्यांचे मूळ केवळ अबोल्यात होते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी काकांशी स्वतः बोला. हिस्सा हवा असेल तर तसे सांगा, नको असेल तर तेही सांगा. आजोबांच्या पश्चात नगर भूमापन कार्यालयात वारसनोंद करून घ्यावीच लागेल, कारण ती काकांच्याही हिताची आहे. आजवरचा घरफाळा त्यांनी भरला असेल, तर त्याचा उल्लेख तुम्ही होऊन कृतज्ञतेने करावा.

दुसरी बाब प्राप्तिकराची. आपले आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि एका वर्षात 182 दिवस किंवा त्याहून अधिक राहिल्यास तुम्ही येथील निवासी ठरता. ऑक्टोबरच्या मध्यानंतर येऊन पुढच्या सप्टेंबरच्या मध्यापर्यंत परतलात, तर मुक्काम दोन आर्थिक वर्षांत विभागला जातो आणि कोणत्याही एका वर्षात 182 दिवस भरत नाहीत. भारतातील उत्पन्न 15 लाखांहून अधिक असेल तर मर्यादा 120 दिवसांची आहे, तेव्हा सनदी लेखापालांचा सल्ला घ्या.

उत्तर : गंगावेशीची सून

बावडेकरांचे पावसाबद्दलचे म्हणणे मान्य आहे, पण ताई, संपूर्ण वर्ष आर. के. नगरात काढणार असाल तर वडिलांचे गाव तुम्हाला भेटणार कुठे? सदनिकेत शेजाऱ्याचे नावही माहीत नसते. पेठेत मूल चार दिवस दिसले नाही तर तालमीतली मंडळी चौकशीला येतात. दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत म्हैस पिळून पेला हातात देण्याची पद्धत अजून टिकून आहे, आणि शाहू स्टेडियमवर पेठेचा फुटबॉल संघ उतरला की कोण कुठून आला हे कुणी विचारत नाही. तुमच्या मुलाला तिथेच मित्र मिळतील. वडिलांकडून केशवराव भोसले नाट्यगृहाबद्दल ऐकले असेल, तर 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळाले, हे मनाची तयारी म्हणून सांगते. त्या रात्री आणि नंतर कित्येक दिवस इथली माणसे घरचे कुणी गेल्यासारखी हळहळली. पुनर्बांधणी हाती घेण्यात आली आहे.

माझा सल्ला असा, की दसऱ्याच्या सुमारास या, मेअखेरपर्यंत माडीवरच्या खोल्यांत राहा आणि पावसाळ्यापुरती उंचावर जागा घ्या. पूररेषेजवळ राहणारी आमच्यासारखी अनेक कुटुंबे सामान माडीवर चढवून, गरज पडली तर नातेवाइकांकडे जाऊन, परत येतातच.

प्रश्नकर्ती

सर्वांची अत्यंत आभारी आहे. काकांना या रविवारी फोन करणार आहे, आणि वारसनोंदीचा विषय मीच काढेन. मुलाच्या शाळेचे काय करावे?

उत्तर : निवृत्त वकील, राजारामपुरी

येथील शालेय वर्ष जूनमध्ये सुरू होते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये प्रवेश मिळणे मुख्याध्यापकांवर अवलंबून राहील. जन्मदाखला आणि तिकडच्या शाळेचे प्रगतिपुस्तक जोडून आताच पत्र पाठवा, आणि पेठेतल्या मराठी शाळेचा विचार आधी करा.