मदत हवी आहे: कॉलेज बास्केटबॉलमध्ये सगळ्यात भारी प्रोग्रॅम (म्हणजे कॉलेजची टीम) कुठला, हे ठरवायचं कसं?

मंडळी, आम्ही नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला असतो. मुलगी चॅपल हिलला (म्हणजे नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीत), शेजारच्यांचा मुलगा ड्यूकला, म्हणजे मार्चमध्ये कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा (एनसीएए) आली की भांडण ठरलेलं. या वेळी मीच शहाणपणा केला, म्हटलं थांबा, त्या स्पर्धेचं १९३९ ते २०२५ सगळं एक्सेलमध्ये टाकतो आणि आकड्यांवरच मिटवू. तिथेच फसलो.

नुसती टायटलं मोजली तर यूसीएलए ११, विषय संपला. पण त्यातली १० एकट्या कोच जॉन वुडनची, १९६४ ते १९७५ मधली, त्यानंतर फक्त १९९५ चं एक. बरं तेव्हा त्यांना बहुतेक वेळा ४ मॅचेस जिंकल्या की झालं, आणि १९८५ ला ६४ टीम्स झाल्यापासून सलग ६ जिंकायच्या, एक हरलात की बॅग भरा. म्हणून मी जुन्या टायटलला अर्धे मार्क दिले तर मुलगी म्हणते, बाबा, तेव्हा एका कॉन्फरन्समधून (कॉलेजांच्या गटातून) एकच टीम जायची, १९७४ ला मेरीलँड एसीसी या त्यांच्या कॉन्फरन्सची फायनल ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने हरली आणि घरीच बसली, ते कुठे धरलंत? आता काय बोलणार.

दुसरा घोळ कोचचा. ड्यूकची पाचही टायटलं कोच के (माइक शिशेव्स्की) यांची, केंटकीची ८ मात्र ५ वेगवेगळ्या कोचची. मला तरी केंटकी जास्त टिकाऊ वाटते, मालक बदलला तरी दुकान चालू. कॅन्ससची तर गंमतच आहे, खेळ शोधून काढणारे नेस्मिथ तिथले पहिले कोच आणि जिंकण्यापेक्षा हरलेल्या मॅचेस जास्त असलेले तिथले एकमेव कोचही तेच!

तर कुणाकडे धड फॉर्म्युला आहे का? फायनल फोरला (शेवटच्या चार टीम्समध्ये पोचल्याबद्दल) किती मार्क द्यावेत तेही सांगा.

प्रतिसाद १:
मार्कांच्या भानगडीत पडूच नका हो. किती दशकांत किमान एक टायटल आहे तेवढंच मोजा, एकट्या कोचची लाट आपोआप बसते. नॉर्थ कॅरोलिना ५ (पन्नास, ऐंशी, नव्वद आणि २००० नंतरची दोन), केंटकी पण ५. कॅन्सस, इंडियाना, यूकॉन (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) ४. यूसीएलए ३, ड्यूकही ३.

प्रतिसाद २:
यूकॉनला १९९९ मुळे एक दशक फुकटात मिळालं की. आणि इंडियानाचं शेवटचं १९८७ चं, त्याला आज ४ म्हणायचं? अलीकडच्या दशकांना जास्त वजन द्या.

धागाकर्ता:
प्रतिसाद १, खूप आभार, शीटमध्ये टाकलं. शेजारी विचारतायत, हा आयडी तुमच्या मुलीचा तर नाही ना?