मदत हवी आहे: १९७२च्या दुष्काळी कामांवरचं मराठी लेखन कसं शोधायचं?

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी १९७२-७३च्या दुष्काळी कामांवर राबलेल्या बायकांवर लिहितेय. गूगल स्कॉलरवर 'एम्प्लॉयमेंट गॅरंटी' टाकलं की २००५च्या केंद्रीय कायद्यावरच्या लेखांचा ढीग येतो. वर्षं १९७० ते १९८५ अशी बांधून घेतली, तर मोजकेच उरतात आणि तेही इंग्रजी. त्यांच्या संदर्भसूच्या धरून मागे गेले, 'साइटेड बाय'वरून, म्हणजे त्यांचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखांवरून, पुढेही गेले. आता तीच दहा-बारा नावं फिरून फिरून समोर येतात.

शोधगंगेवर (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) दुष्काळ, अवर्षण, टंचाई, रोहयो (रोजगार हमी योजना) असे सगळे शब्द वापरून झाले. पण मला सापडलेले बरेचसे मराठी प्रबंध नुसते स्कॅन केलेले, आतला मजकूर शोधता येत नाही.

जेस्टोर (शोधनियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह) कॉलेजमधून उघडतं, बाकी पैसे भरून काही घेणं जमणार नाही. पुण्यात आठवड्यातून एक दिवस ग्रंथालयात बसू शकते. सरकारी अहवाल आहेत माझ्याकडे. हवंय ते खडी फोडणाऱ्या बायकांची मजुरी, सुकडी (कामावर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ), मुकादम यांबद्दल त्याच काळात मराठीत लिहिलेलं. कुणीतरी लिहिलं असणारच.

जुन्या मराठी नियतकालिकांच्या लेखसूची कुठे बघायला मिळतील? आणि ग्रंथालयाच्या तालिकेत हा विषय नेमका कोणत्या शीर्षकाखाली शोधू?