विरंगुळा केंद्राचं जोतं किती उंच घ्यावं?

कृष्णाकाठचा:
मंडळी, सांगलीत गावभागाकडं आमच्या ज्येष्ठ नागरिक संघासाठी विरंगुळा केंद्र बांधायचं चाललंय, बांधकाम दीडेक हजार स्क्वेअर फूट. घोडं अडलंय जोत्यावर. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा या गल्लीत कमरेला लागत होतं, म्हणून इंजिनिअर म्हणतोय जोतं ४ फूट घ्या. आणि आमचे निम्मे मेंबर गुडघेदुखीवाले, ते म्हणतात एवढं चढायचं असेल तर आम्ही पारावरच बरे. काय करावं?

ओळंबा:
४ फुटाला रॅम्प १:१२ च्या उताराने (फूटभर चढायला १२ फूट लांबी) ४८ फूट होतो, त्यात मधे टेकायला सपाट लँडिंग वेगळं. एवढी जागा आहे का? नसली की कॉन्ट्रॅक्टर उतार खडा करतो आणि मग तो रॅम्प फक्त मोटरसायकली चढवायला. माझं मत विचाराल तर जोतं दीड फूटच ठेवा, १८ फुटात रॅम्प बसतो, दोन्ही बाजूला धरायला पाइप. आणि आत पाणी येणारच असं धरूनच बांधा. कोटा फरशी (पॉलिश नको, खरखरीत), दाराच्या चौकटी ग्रॅनाइटच्या, बटणं-बोर्ड सगळे छातीच्या वर, पेटी-तबला आणि पुस्तकांना माळा. कोयनेतून पाणी सोडलं की कळतंच की, सामान वर टाकायला वेळ मिळतो.

मिरजेची आत्या:
जोत्याचं बघा तुमचं तुम्ही, पण संडासाचं कोणीच बोलत नाही! आमच्या इथल्या केंद्रात बायका का येत नाहीत माहितीये का, बायकांच्या बाथरूमला जायचं तर पुरुषांच्या पत्त्यांच्या टेबलाला वळसा घालून, सगळ्यांच्या देखत. वेगळ्या बाजूनं वाट काढा. कमोड हवाच, शेजारी भिंतीत पक्की दांडी, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं, आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही हो. कडी पण बाहेरून काढता येईल अशी.

भडंगप्रेमी:
आत्यांशी १००% सहमत. आवाजाचं पण बघा. पत्रा आणि उघड्या भिंती असल्या की भजन घुमतं आणि कानात मशीन घालणाऱ्याला नुसता गलका ऐकू येतो, शेजारच्याचं बोलणं कळत नाही, मग हळूहळू माणूस यायचाच बंद होतो. जाड पडदे, पुस्तकांची कपाटं, जमलं तर छताला फॉल्स सीलिंग. आणि खुर्च्या हातवाल्या घ्या, सतरंजीवर बसलेलं उठवायला दोन माणसं लागतात आमच्यात 😄

कृष्णाकाठचा:
लई भारी, हे सगळं इंजिनिअरला दाखवतो. दीड फुटाला कमिटी तयार होईल वाटतंय. रॅम्पच्या वाटेत एक नारळ येतोय, तो तोडायचा का?

ओळंबा:
नका तोडू, रॅम्प वळवा. पण त्याच्या खाली बाक टाकू नका म्हणजे झालं.