खारेपाटणचे बंदर गाळाने गेले की रेल्वेने?

मूळ मांडणी (शाहूपुरी, कोल्हापूर)

गगनबावड्याच्या कड्यावर पडणाऱ्या पावसाची वाटणी होते. पूर्वेकडचे पाणी कुंभीतून पंचगंगेत, पुढे कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेकडचे करूळ-भुईबावड्याच्या दऱ्यांतून उतरून शुक नदीवाटे खारेपाटणला येते व वाघोटण खाडीने विजयदुर्गाशी अरबी समुद्राला मिळते. कड्यापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर. एवढ्याशा नदीवर एके काळी परदेशी गलबतांचा व्यापार चाले. शिलाहार राजा रट्टराज याच्या शके ९३० (इ.स. १००८) च्या खारेपाटण ताम्रपटात दूरदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण (त्या काळचे सोन्याचे नाणे) देवस्थानाला लावून दिल्याची नोंद आहे.

हे बंदर गाळाने बुजले, असे सर्रास सांगितले जाते. ते मला पटत नाही. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली आणि घाट उतरून खाडीकडे जाणारा गूळ स्थानकाकडे वळला. घाटमाथ्याचा माल थांबल्यावर बंदराला उरले काय?

प्रतिसाद (गगनबावडा)

आपण नदीचा उतार विचारातच घेतलेला नाही. सुमारे सहाशे मीटर उंचीवरून निघालेले पाणी थोडक्या अंतरात तळकोकणात येते. त्यातून आमच्याकडचा पाऊस असा की पाच हजार मिलिमीटर झाला तरी कोणी भुवई उंचावत नाही. असे पाणी माती-दगड घेऊनच उतरते आणि जिथे भरतीचे पाणी त्याला सामोरे येते तिथे त्याचा वेग पडून गाळ बसतो. खारेपाटण नेमके त्या टप्प्यावर आहे. अकराव्या शतकातील उथळ बुडाच्या जहाजांना जे पात्र पुरले, ते पुढच्या मोठ्या गलबतांना पुरले नाही. रेल्वे यायच्या कितीतरी आधीपासून मोठी जहाजे खोल पाण्यामुळे विजयदुर्गालाच नांगर टाकत होती.

शिवाय ताम्रपट खारेपाटणला मिळाला म्हणजे त्यातील बंदर तिथेच होते, असे ठरत नाही. त्यात नाव येणारे बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, हे अभ्यासकांचे अनुमान आहे. चांगले अनुमान आहे, पण अनुमानच.

प्रतिसाद (मंगळवार पेठ)

दोघांनीही सत्तेचा प्रश्न वगळला आहे. १७५६ साली इंग्रजांच्या आरमाराने व पेशव्यांच्या फौजेने मिळून आंग्र्यांचा विजयदुर्ग जिंकून घेतला. त्यानंतर किल्ला पेशव्यांकडे आला, धुळपांच्या हाताखाली आरमारही राहिले; पण आंग्र्यांच्या काळचा दरारा आणि त्या जोरावर चालणारी जकात पुन्हा उभी राहिली नाही. खाडीचे पहिले खच्चीकरण तेव्हाचे आहे, आणि ते गाळाचेही नाही, रुळांचेही नाही.

मूळ मांडणीकाराचे उत्तर

बलिपत्तनाबद्दलचा आक्षेप रास्त आहे. तरीही ज्या दानपत्रात चेमुल्य (चौल) आणि चंद्रपूर (गोव्यातील चांदोर) या बंदरांच्या जहाजांना करातून वेगळे काढण्याइतका तपशील आहे, ते लिहिणाऱ्यांना बंदराचा व्यवहार जवळून ठाऊक असणार. (हा पट प्रथम प्रसिद्ध करणारे बाळशास्त्री जांभेकर याच मुलखातल्या पोंभुर्ल्याचे, हे सहज आठवले म्हणून लिहितो.)

गाळ साचतो, हे मी नाकारत नाही. माझे म्हणणे असे की मोठे जहाज विजयदुर्गाला थांबले, तरी मचवे-पडावांतून माल भरतीबरोबर वर येऊ शकत होता आणि गाळामुळे फार तर माल उतरवण्याची जागा बदलली असती. व्यापार नाहीसा व्हायला वरून येणारा बैलच थांबावा लागतो. विजयदुर्गाच्या पतनानेही तो थांबला नव्हता. कोकणातले मीठ आणि नारळ त्यानंतरही घाट चढतच होते.

प्रतिसाद (गगनबावडा)

माल उतरवण्याची जागा बदलणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. खारेपाटणला माल उतरला तर घाटाचा पायथा जवळ. तोच विजयदुर्गाला उतरला तर जांभ्याच्या सड्यावरून (खडकाळ पठारावरून) सारी मजल बैलांच्या पाठीवर. त्या वाढीव भाड्याने खारेपाटणची पेठ रुळांची वाट न पाहताच आटू लागली असणार. रेल्वेने आधीच महाग झालेल्या वाटेवरचा माल उचलला. तुम्ही १८९१ पासून मोजता. मोजणी नदीच्या पात्रापासून सुरू व्हायला हवी.