लेक्चरमध्ये पुढचं ऐकलं की मागचं जातंय, मेमरी वीक हाय काय?

खानापूरकर_बीएस्सी: दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बेळगावात सेकंड इयरला हाय. सुरवातीला बरं चालतंय, मग सर बोर्डावर डेरिव्हेशनची चौथी लाईन लिहितात तवर पहिली डोक्यातनं गेलेली असते. आई म्हणते बदाम खा. लक्ष कमी पडतंय की मेमरीच कच्ची हाय? सायकॉलॉजीवालं कोण असलं तर सांगा की.

टिळकवाडी_कट्टा: बदाम खा, चांगलेच असतात, पण हे दुखणं त्यातलं न्हवं. तू म्हणतोस ती वर्किंग मेमरी, आत्ता डोक्यात धरून काम करायची जागा, आणि ती सगळ्यांचीच लहान असते, कोवन नावाच्या सायकॉलॉजिस्टनं २००१ मध्ये साधारण चार गोष्टी एवढीच धरलीय. लक्ष आणि ती असं अगदी वेगळं काढताच येत नाही. २०१९ ला शिकागो युनिव्हर्सिटीच्या लोकांनी एक प्रयोग केला, मला लई आवडतो तो. स्क्रीनवर सहा रंगीत आकार, बहुतेक वेळा तेच बटण दाबायचं, नुसतं कंटाळवाणं काम. माणूस न बघताच फटाफट दाबायला लागला की कॉम्प्युटर नेमका तिथंच अडवून विचारणार, आत्ता दिसलेले रंग सांग. तेव्हा कमी आठवायचे, आणि लक्ष जाग्यावर असताना विचारलं की त्याच माणसाला जास्त.

निपाणीचे_मास्तर: बटणं दाबणं वेगळं आणि लेक्चर वेगळं ओ. आमच्या मराठी मीडियमच्या पोरांना इंग्लिश ऐकून मनात मराठीत फिरवायला लागतंय, त्या चारातली जागा तिथंच अडते, मग डेरिव्हेशन ठेवणार कुठं? नव्या टर्म्स आदल्या रात्री वाचून आलेलं पोर त्याच वर्गात टिकतंय, बघतोय मी रोज. मेमरी तीच की त्याची.

टिळकवाडी_कट्टा: मास्तर, हे पटलं. फक्त लक्ष ढेपाळतंय म्हणून त्यानं घाबरू नये. मॅकवर्थ नावाच्या सायकॉलॉजिस्टनं १९४८ मध्ये घड्याळासारख्या काट्याची मधनंच येणारी दुप्पट उडी ओळखायला लावली होती, रडारवर बसणाऱ्यांसाठी, तिथंसुद्धा पहिल्या अर्ध्या तासातच चुका वाढल्या. बाळा, झोप किती होते तुझी?

खानापूरकर_बीएस्सी: झोपेचं नका विचारू, पहाटेची बस हाय. मास्तर, ऑप्टिक्सच्या टर्म्सची वही कुणाकडं असली तर फोटो टाका की, सोमवारपासनं तेच युनिट चालू होतंय.