पॉट शेलची थर्मल तपासणी गाडीवर बसवायची आहे: कॅमेरा, अलार्म आणि चुंबकाचा प्रश्न

मिरजोळे_ऑटोमेशन
रत्नागिरीत बसून परराज्यातल्या एका ॲल्युमिनियम स्मेल्टरसाठी तपासणीची गाडी बनवतोय. पॉटरूमच्या (पॉट म्हणजे विजेने ॲल्युमिनियम काढणारी भट्टी, त्यांची शेड) तळघरात रुळावरून फिरेल आणि शेल (पॉटचं बाहेरचं पोलादी कवच) व कलेक्टर बार (पॉटच्या तळातून वीज बाहेर नेणारी पोलादी कांब) यांचे थर्मल फोटो घेईल. कॅमेरा ६४० × ४८०, लेन्स ४५ अंशांची, शेलपासून अंतर जेमतेम १ मीटर, शेलची लांबी १२ मीटर. रिझोल्यूशन पुरेल का? अलार्म किती अंशांवर ठेवू? आणि इथे पॉटलाइन (पॉटची रांग, तिच्यातल्या प्रचंड विजेने चुंबकीय क्षेत्र तयार होतं) नाही, मग चुंबकीय क्षेत्राची चाचणी कशी घेऊ?

पॉटरूमवाला
रिझोल्यूशनची काळजी सोडा. १ मीटरवरून फ्रेमची रुंदी ८३ सेंमी येते, म्हणजे एका पिक्सेलला १.३ मिमी. ३०% ओव्हरलॅप धरला तर एका बाजूला २१ फ्रेम.

अलार्म मात्र एका आकड्यावर ठेवू नका. अस्तर नवं की जुनं, आत गोठलेल्या बाथचा (ज्यात ॲल्युमिना विरघळतं त्या वितळलेल्या क्षारांचा) थर किती जाड, यावर शेलचं तापमान ठरतं. एका पॉटला ३०० नेहमीचं, शेजारच्याला तेच धोक्याचं. प्रत्येक जागेची आपलीच जुनी नोंद धरा आणि वाढीवर अलार्म लावा. शिवाय एक कमाल मर्यादा ठेवा, ती प्लांटवाल्यांनाच ठरवू दे.

पॉट कंट्रोलरकडून व्होल्टेजही घ्या. ॲनोड इफेक्टमध्ये (बाथमधलं ॲल्युमिना कमी पडून ॲनोडखाली वायूचा थर धरतो तेव्हा) ४ च्या आसपासचं व्होल्टेज ३० पर्यंत उसळतं, पॉट तापतो. त्या वेळच्या फ्रेमवर खूण नसेल तर खोट्या अलार्मांनी शिफ्टवाले वैतागतील आणि चौथ्या दिवशी अलार्मच बंद करून टाकतील. प्रयोगशाळेचे आकडेही शेजारीच दिसू देत: कलेक्टर बार खाल्ला जात असेल तर धातूत लोह वाढतं, बाजूची सिलिकॉन कार्बाइडची वीट गेली तर सिलिकॉन.

कॅलिब्रेशन_तळोजा
वरच्यांचं बरोबर, पण कॅमेराच खोटं बोलला तर? गंजलेल्या पोलादाची एमिसिव्हिटी (किरणांनी उष्णता सोडण्याची क्षमता, कमाल १) ०.८५ च्या आसपास. त्यावर धातूचा शिंतोडा उडून चकचकीत डाग पडला तर तिथे ०.१ किंवा त्याहून कमी. सेटिंग ०.८५ आणि भोवताल ४० अंश धरून गणित केलं, तर ३५० अंशांचा डाग पडद्यावर १०० च्या आसपास दिसतो. गरम जागा थंड म्हणून सुटते. म्हणून अचानक *थंड* झालेल्या जागेलाही अलार्म लावा. दर पॉटवर दोन-तीन ठिकाणी उष्णतारोधक काळ्या मॅट रंगाचे हातभर पट्टे मारून घ्या आणि बाजूला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) चिकटवा. रोजचा ताळा त्यावरून. फ्रेम फार तिरकी नको, शेलच्या लंबरेषेपासून ६० अंशांपलीकडच्या कोनातलं वाचन टाकून द्या.

साधी काच चालणार नाही, या कॅमेऱ्याला ती भिंतच. जर्मेनियमची खिडकी घ्या आणि कोरड्या, तेलविरहित हवेचा हलका दाब आत ठेवा, म्हणजे ॲल्युमिनाची धूळ आणि फ्लोराइड आत शिरत नाहीत.

लोटे_इन्स्ट्रुमेंट
चुंबकाचं: २० सेंमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर ४ चौरस मिमी तांब्याच्या वायरचे १०० वेढे घाला, २० अँपिअर डीसी सोडा. मधोमध सुमारे १२५ गॉस (चुंबकीय क्षेत्राचं एकक) मिळतात. वायर साधारण ६३ मीटर लागेल, १०० वॉटच्या वर तापेल, म्हणून दोन-दोन मिनिटंच चालवा. त्यात एकेक भाग घालून पाहा: मोटर, एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा), पॉवर सप्लाय. हॉल सेन्सरवाल्या (चुंबकीय क्षेत्रावरून स्थिती ओळखणाऱ्या) मोटरी चुकतात, मॅग्नेटिक एन्कोडर भरकटतो, सप्लायमधली चोक (गाभ्यावर गुंडाळलेली कॉइल) बाहेरच्या चुंबकत्वाने संपृक्त होऊन काम करेनाशी होते. ऑप्टिकल एन्कोडर घ्या, गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियम किंवा एसएस ३०४ (चुंबकाला सहसा न चिकटणारं स्टेनलेस स्टील) चा.

त्याहून मोठी गोष्ट विजेची. पॉट ओळीत एकामागे एक जोडलेले असतात, टोकाला शेकडो व्होल्ट डीसी. शेल आणि इमारतीचा खांब यांना एकाच वेळी टेकेल असा धातूचा एकही भाग नको. चाकं नायलॉनची, संपर्क वाय-फाय किंवा फायबरने, चार्जिंग पॉटलाइनच्या बाहेर.

मिरजोळे_ऑटोमेशन
काळे पट्टे प्लांटवाल्यांना आजच कळवतो. गाडी जुलै-ऑगस्टभर इथेच राहणार, लेन्सचं काय करू?

कॅलिब्रेशन_तळोजा
कोकणातला पावसाळा आहे, बुरशी येणारच. निळं सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, दाणे गुलाबी झाले की बदला. आणि खारी हवा कनेक्टरच्या पिनांना आधी खाते, पाठवण्यापूर्वी तेही उघडून बघा.