केल्ट-९बी वरचं लोखंड ताऱ्याचं नाही, हे कशावरून?

मृगव्याध: अतितप्त गुरूंबद्दल, म्हणजे आपल्या ताऱ्याच्या अगदी जवळून फिरणाऱ्या गुरूसारख्या वायूच्या ग्रहांबद्दल वाचतोय. त्यातला केल्ट-९बी हा ग्रह दिवसाच्या बाजूला, म्हणजे कायम ताऱ्याकडे असलेल्या बाजूला, ४,००० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो आणि २०१८ मध्ये त्याच्या वातावरणात लोखंड-टायटॅनियमची वाफ सापडली. पण ग्रह वेगळा दिसतच नाही, येतो तो ताऱ्याचा प्रकाश. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशातले ठरावीक रंग शोषतं, आणि प्रकाश रंगांत पसरला की (त्यालाच वर्णपट म्हणतात) तिथे काळ्या रेषा दिसतात. लोखंडाच्या अशा रेषा ताऱ्याच्या वर्णपटातही असणार. मग या ग्रहाच्या कशावरून?

अनुराधा_व: वेगावरून. ग्रह दीड दिवसात फेरी पुरी करतो, सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त वेगाने. तारा त्यामानाने जागचा हलत नाही. अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, तो आधी आपल्याकडे येत असतो, मध्यानंतर दूर जाऊ लागतो. म्हणून त्याच्या रेषा निळ्याकडून तांबड्याकडे सरकत जातात. ताऱ्याच्या तिथेच राहतात. शिवाय हा तारा सुमारे १०,००० अंशांचा आणि स्वतःभोवती फार वेगाने फिरणारा, त्यामुळे त्याच्या रेषा पसरट, ग्रहाच्या अरुंद.

एकेकटी रेषा मात्र गोंगाटात बुडून जाते. लोखंडाला रेषा भरपूर आहेत, हे आपलं नशीब. ग्रहाच्या वेगानुसार त्या जुळवून सगळ्यांची बेरीज केली की संकेत वर येतो. ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणीला जोडलेल्या हार्प्स-नॉर्थ या वर्णपट घेणाऱ्या उपकरणाने टिपलेल्या प्रकाशावर हेच केलं गेलं. मला हे ग्रह आवडतात ते यासाठीच. आपल्या गुरूवरचं लोखंड ढगांच्या खूप खाली दडलंय, तिथवर नजर पोचत नाही. इथे ते उघड्यावर आहे.

शर्मिष्ठा०७: मग वास्प-७६बी या दुसऱ्या अतितप्त ग्रहावर लोखंडाचा पाऊस पडतो हे खरं?

अनुराधा_व: पाऊस कोणी पाहिलेला नाही. २०२० मध्ये चिलीतल्या व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवरच्या एस्प्रेसो या वर्णपट घेणाऱ्या उपकरणाने पाहिलं ते असं: ग्रहाच्या संध्याकाळच्या कडेला, म्हणजे वारे दिवसाकडून रात्रीकडे जातात तिथे, लोखंडाची वाफ आहे, सकाळच्या कडेला तिचा संकेत नाही. रात्रीच्या बाजूला ती गोठून खाली पडत असावी, हा त्यावरचा तर्क. नंतरच्या मॉडेलांनी दाखवलं की दोन कडांच्या तापमानातल्या फरकाने किंवा ढगांनीही असाच संकेत येऊ शकतो. बातम्यांनी तर्कालाच शोध म्हटलं, याचं वाईट वाटतं. कारण सुमारे ६४० प्रकाशवर्षांवरच्या, ठिपका म्हणूनही न दिसणाऱ्या ग्रहाची सकाळ आणि संध्याकाळ वेगवेगळी ओळखता आली, हीच खरी थोर गोष्ट आहे.

मृगव्याध: आणि पाण्याची वाफ?

अनुराधा_व: दिवसाच्या बाजूला वरच्या थरांत पाण्याचे रेणू तुटतात. वास्प-७६बी वर हायड्रॉक्सिल (पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन गेल्यावर उरणारा तुकडा) सापडलं, ते या तुटण्याचंच चिन्ह. केल्ट-९बी वर तर हायड्रोजनचे रेणूही फुटतात, वाऱ्याबरोबर रात्रीकडे जाऊन पुन्हा जुळतात आणि तिथे उष्णता सोडतात.